वाचक विचारतात : एकोणिसाव्या शतकातले आपले शेतकरी घराणे कसे शोधावे?

घराण्याच्या मुळाबद्दल दक्षिण गोव्यातून बरीच पत्रे आली आहेत. केपे, काणकोण, सांगे आणि सासष्टी इथल्या वाचकांचे प्रश्न पुष्कळसे सारखे आहेत, म्हणून त्यांतले पाच निवडून उत्तरे दिली आहेत. देसाई, मोकासदार (गाव इनाम मिळालेले) किंवा मोठ्या भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरात सनदा असतात, त्यांची अडचण वेगळी. इथे विचार केला आहे तो नांगर धरणाऱ्या घरांचा.

प्रश्न : आमचे घर केपे तालुक्यात. भातशेती आणि थोडे कुळागर (सुपारी-नारळाची बाग). पणजोबांचे नाव ठाऊक आहे, त्यापलीकडे काहीच नाही. घरातले कागद वाळवीने खाल्ले. सुरुवात कुठून करू?

नावाचा माग काढत बसू नका, शेताचा काढा. त्या काळातला शेतकरी स्वतःहून कागदावर येत नसे. त्याचे शेत मात्र येई: भावाभावांत वाटणी झाली की, कर्ज काढले की, शेजाऱ्याने आपली जमीन विकली की. माणसाचे नाव प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे लिहिले. शेताचे नाव आणि त्याच्या चार मेरा, म्हणजे चार बाजूंच्या हद्दी, पुष्कळदा शंभर वर्षे तशाच राहिल्या.

त्याआधी एक पूल बांधून घ्या. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गोव्यात सर्व धर्मांच्या लोकांसाठी नागरी नोंदणी रुळली. या जन्मनोंदींत आईवडिलांबरोबर दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांची नावे लिहिण्याची पद्धत होती. 1918 च्या नोंदीतले मुलाचे आजोबा म्हणजे साधारण 1850 ते 1865 च्या दरम्यान जन्मलेला माणूस. एकाच कागदाने तुम्ही एकोणिसाव्या शतकात जाता. म्हणून आपल्या आजोबांचीच नोंद काढून थांबू नका, त्यांच्या सगळ्या भावंडांची काढा. एकीत आजीचे नाव गाळलेले असते, दुसरीत ते सापडते. त्या वर्षांतल्या मृत्युनोंदीही पाहा. साठ-सत्तरीत वारलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावे तिथे मिळू शकतात.

दाखला मागताना छापील लहान नमुना घेऊ नका, ‘तेओर’ प्रत मागा. तीत मूळ नोंद शब्दशः उतरवलेली असते आणि समासातले शेरेही येतात. पुढे झालेले लग्न, नावातला बदल, दुरुस्ती हे सारे त्या समासातच असते. ही पुस्तके तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात असतात, जुनी पुस्तके पणजीच्या पुराभिलेख खात्यात. अर्जावर नेमके साल लिहिले आणि शोध एकाच वर्षात संपला, हे नेहमीचे दुखणे. मागेपुढे पाच वर्षे शोधायला सांगा, कारण घरात सांगितले जाणारे वय क्वचितच बरोबर असते.

आता जमीन. एक-चौदाचा उतारा काढा. त्यात कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क असे रकाने असतात. मुक्तीनंतरच्या सर्व्हेतली ही नोंद. तिच्यावरून आजचा सर्व्हे नंबर आणि वाड्यातली जागा पक्की होते, याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. त्यानंतर त्या शेताचा जुना मात्रिझ नंबर शोधा. मात्रिझ म्हणजे पोर्तुगीज काळची करवसुलीची नोंद. तीत शेताचे नाव, चार मेरा आणि कर भरणाऱ्याचे नाव मिळते. हे हाती आले की जुन्या कोन्झेर्वातोरियाच्या, म्हणजे जमीन-नोंदणीच्या पुस्तकांकडे वळा. ‘बी’ मालिकेच्या पुस्तकांत शेताचे वर्णन असते आणि ‘जी’ मालिकेत ती जमीन कोणाकडून कोणाकडे, कशाने गेली ते: वारशाने, विक्रीने की बक्षिसाने. संदर्भात पान क्रमांकापुढे ‘व्ही’ अक्षर दिसले तर ती त्या पानाची मागची बाजू समजावी. क्रमांक पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच असतो. हे माहीत नसल्याने ‘नोंदच नाही’ म्हणून परत आलेले लोक थोडे नाहीत.

तुमचे शेत तिथे नसण्याचीही शक्यता आहे. गरज पडली तेव्हाच लोक जमीन नोंदवीत, आणि लहान शेतकऱ्याला ती गरज पुष्कळदा पडलीच नाही. अशा वेळी शेजाऱ्याचे वर्णन वाचा. उत्तरेची, दक्षिणेची, उगवतीची, मावळतीची मेर सांगताना ‘अमक्याच्या वारसांचे शेत’ असे लिहिलेले असते. तो अमका तुमचा खापरपणजोबा असू शकतो, आणि ‘वारसांचे’ या एका शब्दावरून तो त्या तारखेपूर्वी वारला होता हेही कळते. चारही शेजाऱ्यांची वर्णने मिळवली तर मधले शेत आपोआप उभे राहते.

जुने वर्णन आणि आजचा सर्व्हे नंबर यांची जुळणी सांगणारा तयार तक्ता मिळेल अशा भ्रमात राहू नका. एका जुन्या शेताचे आज तीन पोटहिस्से झालेले असतात, क्षेत्रफळ जुळत नाही, मधून रस्ता गेलेला असतो. पाण्याचा पाट, देवाची घुमटी, तळी, मोठा बांध या न हलणाऱ्या खुणा धरून जुळणी करावी लागते. शेतात उभे राहून, हातात नकाशा घेऊन.

शेवटचे आणि सर्वांत मोलाचे म्हणजे इन्व्हेंतार. घरचा कर्ता वारला आणि मागे अज्ञान मुले राहिली तर कोर्टात मालमत्तेची यादी होऊन वाटणी होत असे. वारसांची नावे आणि वये, कोण विवाहित, कोणाचा नवरा कोण, गुरे, भांडी, देणे-घेणे, शेते आणि त्यांची किंमत, सगळे एका फाइलीत. अडचण एवढीच की खर्चाच्या भीतीने गरीब घरे तोंडी वाटणी करून मोकळी होत. तरी घराण्यात कोणी तरुणपणी दगावल्याची आठवण असेल तर हा शोध आधी घ्यावा.

प्रश्न : आम्ही काणकोणच्या डोंगराळ भागातले, पूर्वज कुमेरी करीत. जमीन कोणाच्याच नावावर नव्हती. आमच्यासारख्यांचा इतिहास कागदात असतो का?

थोडा असतो, पण वेगळ्या जागी. कुमेरीत डोंगराचा तुकडा साफ करून जाळायचा, राखेत नाचणी पेरायची आणि दोन-तीन पिकांनंतर पुढे सरकायचे. अशा जमिनीला धारकाचे नाव लागत नाही, म्हणून मात्रिझ आणि कोन्झेर्वातोरियात वेळ घालवू नका.

गावाच्या कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, लिलावाची वही पाहा. भातशेते ठरावीक मुदतीने, बहुधा तीन वर्षांनी, लिलावात दिली जात. घेणाऱ्याच्या नावाखाली जामिनाचे नाव असते. वही उलटणारे बहुतेक जण जामिनावरून नजर पुढे नेतात, आणि तिथेच चूक होते. परक्यासाठी जामीन कोण राहणार? भाऊ, मेहुणा, सासरा, फार तर शेजारी. तीन-चार लिलावांतले जामीन एका कागदावर मांडा, घराण्याची सोयरीक दिसू लागेल. गाव मोकाशाचा असेल तर मोकासदाराच्या किंवा भाटकाराच्या घरच्या खंडाच्या वह्या हाच आधार. त्या खासगी मालकीच्या असतात, विनंती करूनच पाहाव्या लागतात. ‘आम्हाला आमच्या माणसांची नावे हवीत, जमिनीवर दावा सांगायचा नाही’ हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलेले बरे. कसणाऱ्या कुळांना आणि भाटात घर करून राहणाऱ्या मुंडकारांना हक्क देणाऱ्या कायद्यांनंतर या वह्या दाखवायला लोक बिचकतात, ते साहजिक आहे.

बाकीचे मांडावर, म्हणजे वाड्याच्या एकत्र जमण्याच्या मानाच्या जागी, आहे. शिगम्याला पहिला नारळ कोण ठेवतो, गाऱ्हाण्यात कोणत्या पुरुषांची नावे कोणत्या क्रमाने घेतली जातात, बुदवंताचा (वाड्याच्या मुख्याचा) मान कोणत्या घरात आहे आणि तो पूर्वी दुसरीकडे होता का, हे सगळे लिहून काढा. मानाचा क्रम बहुधा वस्तीचा क्रम सांगतो: जे घर आधी आले त्याला आधीचा मान. पण वंश खुंटला की मान दुसऱ्या घरात जातो आणि दोन पिढ्यांत तेच घर ‘मूळचे’ म्हणवते. म्हणून हीच चौकशी शेजारच्या वाड्याच्या मांडावरही करा. शेजारी दुसऱ्यांच्या मानाचा इतिहास जास्त निर्विकारपणे सांगतात.

दुसऱ्या गावी दिलेल्या म्हाताऱ्या बायकांना विसरू नका. घरात राहिलेले पुरुष आपली गोष्ट दरवर्षी सुधारत असतात. माहेर सोडून गेलेल्या बाईला ती आपल्या लहानपणी ऐकली तशीच आठवते. दोघांना वेगवेगळे बसवून विचारा, आवाज टिपून ठेवा, आणि ती बोलली तसेच लिहा. आपल्या शुद्ध मराठीत उतरवताना निम्मे तपशील गळतात.

‘सात भाऊ आले, सात वाडे वसवले’ ही कथा मात्र जपून घ्या. ती इतक्या गावांत ऐकू येते की तिला एका घराचा इतिहास मानणे कठीण आहे. तिच्यातून वाडे किती आणि त्यांचे एकमेकांशी नाते कसे मानले जाते एवढे घ्यावे, भावांची संख्या सोडून द्यावी.

प्रश्न : आमची कुलदेवता फातर्प्याची शांतादुर्गा. आमच्याच वांगडाची (कुळशाखेची) ख्रिस्ती घरे कुंकळ्ळीला आहेत आणि ती आम्हाला भाऊबंद मानतात. हे नाते कागदावर सिद्ध होईल का?

वांगडाचे नाते दाखवता येईल, पिढ्यांची सलग साखळी बहुधा जोडता येणार नाही.

कुंकळ्ळीचे बारा वांगड प्रसिद्ध आहेत आणि गुलालोत्सवात छत्र्या निघतात तेव्हा हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांचा मान राखला जातो. हिंदू आणि ख्रिस्ती असे वेगळे होणे झाले ते सोळाव्या शतकात. 1583 मध्ये कुंकळ्ळीकरांनी पाच जेझुइटांना मारले, त्यानंतर बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून गावच्या पुढाऱ्यांची कत्तल झाली. गावाच्या जमिनी गावकऱ्यांच्या हातून जाऊन पोर्तुगीज सरदाराकडे आणि पुढे कुंकळ्ळीच्या काउंटाच्या घराण्याकडे गेल्या. म्हणून शेजारच्या गावांत कोमुनिदादीच्या वह्यांत जे मिळते ते इथे कोंदादोच्या, म्हणजे काउंटाच्या जहागिरीच्या, कागदांत शोधावे लागते.

ख्रिस्ती बाजूचे काम सोपे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बाप्तिस्माच्या नोंदींत मूल, आईवडील, बऱ्याचदा दोन्हीकडचे आजी-आजोबा, पाद्रीन-माद्रीन (धर्मपिता-धर्ममाता) आणि वाडा येतो. लग्नाच्या नोंदींतून बायकोचा गाव कळतो. चर्चची जुनी पुस्तके बऱ्याच प्रमाणात पुराभिलेख खात्यात आली आहेत, म्हणून चर्चमध्ये पुस्तक नाही म्हटले तरी शोध संपला असे समजू नये. तुमच्या हिंदू बाजूला असे सलग पुस्तक नाही. तिथे देवस्थानच्या महाजनांची यादी, म्हाळाला घेतली जाणारी नावे आणि जमिनीचे कागद यांवरच भागवावे लागेल. म्हाळात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावे नियमाने येतात. पुरोहितांच्या घरी जुनी टिपणे असतील तर आणखी तीन पिढ्या मागे जाता येईल. कोणी नाशिक-त्र्यंबकला गेला असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायाच्या वहीतही नाव असेल, पण त्या काळात तेवढी ऐपत असणारी शेतकरी घरे थोडी.

दोन्ही बाजूंच्या नोंदी 1800 च्या आसपास आणून थांबवा. त्याआधीच्या काळासाठी सामाईक वांगड, सामाईक मान आणि एकमेकांना लागून असलेली शेते एवढ्यावर नाते ‘परंपरेने मानलेले’ असे लिहा. मधल्या रिकाम्या जागी सोयीचे नाव भरून वंशावळ सलग करून देणारे लोक भेटतात. त्यांच्यापासून चार हात दूर राहा.

प्रश्न : आमच्याकडे एक मोडी कागद आहे. वाचून घेतला तेव्हा ‘शके 1785 रुधिरोद्गारी संवत्सर, माघ’ आणि ‘खंडी 3 कुडव 5’ एवढे कळले. सोबत पोर्तुगीज पावती आहे, तिच्यावर शेराफिन आणि तांग आहेत, आणि महिना ‘7ब्रो’ असा काहीतरी लिहिला आहे.

शकात 78 मिळवले की इसवी साल येते, पण वर्षाचा शेवट पुढच्या इसवी सालात जातो. माघ महिना असल्याने इथे 79 मिळवा. तुमचा कागद 1864 च्या सुरुवातीचा आहे. संवत्सराचे नाव शकाशी जुळते, ही चांगली खूण. न जुळल्यास वाचनात किंवा नकलेत चूक समजावी. ज्या कागदावर नुसते संवत्सर आहे आणि शक फाटला आहे, तिथे साठ वर्षांचा घोळ होतो: रुधिरोद्गारी शके 1725 लाही होते. तिथे अक्षर, कागद आणि त्यात आलेली माणसे पाहून ठरवावे. घरात याहून जुना, अठराव्या शतकातला कागद निघाला आणि त्यावर ‘इहिदे’, ‘खमस’ असे शब्द असले तर तो शुहूर सन, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहिलेले वर्ष. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि त्यानंतर 600 मिळवायचे.

एक खंडी म्हणजे वीस कुडव, तेव्हा तुमचा आकडा 65 कुडव. पण हे 65 कुडव खंडाचे भात की बियाण्याचे माप, हे आधी ठरवा. शेताचा आकार ‘इतक्या खंडी बियाण्याचे’ असा सांगण्याची रीत होती. बियाण्याचा आकडा खंड समजला तर लहानसा शेतकरी एकदम कंगाल दिसतो, आणि उलट केले तर जमीनदार. आकड्याच्या आधीचा शब्द पुन्हा वाचून घ्या.

पावतीवरची नाणी पोर्तुगीज चलनातली: पाच तांग म्हणजे एक शेराफिन, आणि एक शेराफिन तीनशे रेइसांचा. ब्रिटिशांशी 1878 मध्ये झालेल्या तहानंतर गोव्याचे चलन ब्रिटिश रुपयाशी बांधले गेले आणि सोळा तांगांचा रुपया चालू झाला. म्हणून पावतीचे साल कळल्याशिवाय तांगांचा हिशेब करू नका. ‘7ब्रो’ म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. त्याच पद्धतीने ‘8ब्रो’ ऑक्टोबर, ‘9ब्रो’ नोव्हेंबर आणि ‘एक्स-ब्रो’ डिसेंबर. या एका चुकीने बापाचा मृत्यू मुलाच्या जन्माच्या आधी गेलेल्या वंशावळी पाहायला मिळतात.

कागद लॅमिनेट करू नका. जुनी शाई कागद खाते आणि प्लास्टिकमध्ये कोंडल्यावर तो वाचवता येत नाही. घडी जबरदस्तीने उघडू नका. खिडकीशी, बाजूने येणाऱ्या उजेडात फोटो काढा, पुसट अक्षरे तिरप्या उजेडात उठतात. पाठीमागची बाजूही टिपा. मोडी कागदाच्या पाठीवर पुष्कळदा एका ओळीत विषय लिहिलेला असतो.

प्रश्न : आमच्या घराण्यात कृष्णा आणि नारायण हीच दोन नावे आलटून पालटून येतात. कोणता कोणाचा मुलगा ते कळत नाही. शिवाय एका कागदात आडनाव गावकर, दुसऱ्यात नाईक.

नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत असल्याने असे होणारच. ‘कृष्णा नारायण’ 1862 मध्येही असेल आणि 1911 मध्येही, आणि ते आजोबा-नातू असतील. नाव सोडून द्या आणि प्रत्येक नोंदीतून चार गोष्टी वेगळ्या काढा: बायको, शेत, वय, जामीन किंवा साक्षीदार. दोन नोंदींत यांतल्या दोन जुळल्या तर माणूस एकच असण्याचा संभव मोठा. नुसते नाव आणि बापाचे नाव जुळले तर काहीच सिद्ध होत नाही. बायकोचे नाव पोर्तुगीज दस्तऐवजांत मोडी कागदापेक्षा सहज मिळते. गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला, त्यानंतरच्या विक्री-वाटणीच्या दस्तांत नवरा-बायको दोघांची नावे येऊ लागतात आणि मुलीच्या वाट्यासाठी जावयाचीही. हिंदूंच्या रूढींसाठी 1880 चे वेगळे फर्मान होते, त्यामुळे सगळीकडे एकच पद्धत दिसणार नाही.

आडनावाचे फार मनावर घेऊ नका. गावकर हे कोमुनिदादीतले स्थान, नाईक हा मान. कारकुनाला त्या दिवशी जे सांगितले गेले ते लिहिले गेले. सूचीत शोधताना पोर्तुगीज लिपीतली रूपे ध्यानात ठेवा: ‘श’ साठी एक्स, म्हणून शाबा आणि शेट एक्सच्या रांगेत, केशव क्यू च्या रांगेत, प्रभूचे ‘पोरोबो’, कामतचे ‘कामोतीं’, शेणव्याचे ‘सिनाय’, भटाचे ‘बोतो’. विठू ‘व्ही’ मध्ये मिळाला नाही तर ‘बी’ मध्येही पाहा.

कोमुनिदादीच्या जोणाच्या, म्हणजे गावकरांना मिळणाऱ्या उत्पन्नाच्या वाट्याच्या, वहीत तुमचे घर असेल तर गुंता लवकर सुटतो. गावकराच्या मुलाला ठरावीक वयापासून जोण मिळे. ते वय गावागावांत वेगळे होते, म्हणून आधी आपल्या गावाचा नियम विचारून घ्या. वहीत नाव पहिल्यांदा कोणत्या साली आले त्यातून ते वय वजा केले की जन्मसाल अंदाजे येते, आणि नाव शेवटचे कोणत्या साली दिसते त्यावरून मृत्यूचे. दोन कृष्णा वेगळे करायला एवढे पुरते.

हे करूनही एक जागा अडते: शेत तेच, मेरा त्याच, पण आडनाव अचानक बदललेले. विक्रीचा दस्त नसेल तर घरजावई किंवा दत्तक शोधा. ‘जी’ पुस्तकात बक्षीसपत्राची नोंद मिळेल. नाही मिळाली तर त्या साली घरात लग्न झालेल्या मुलीच्या नवऱ्याचे नाव आणि नव्या धारकाचे नाव ताडून पाहा.